एसजीपीटी वाढलंय, आता पुढे काय?

ऑफिसच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये लिव्हरच्या तपासण्या हल्ली असतातच. काही त्रास नसताना एक दिवस एसजीपीटी ७८ असा ठळक छापलेला आकडा हातात पडतो. मग केमिस्टकडून लिव्हरचं टॉनिक येतं, तेल-तूप बंद होतं, महिन्याने टेस्ट पुन्हा होते आणि आकडा थोडा उतरला की विषय मिटतो. ज्या कारणाने तो चढला होता ते कारण मात्र जागच्या जागी असतं. हिपॅटायटिस ए, ई, बी, सी यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्यावर जे आजार उरतात, त्यांच्याबद्दल हे लिहितोय. या आजारांत बहुतेक वेळ वाया जातो तो तपासण्यांचा क्रम चुकल्यामुळे.

पहिला प्रश्न असा: बिघाड यकृताच्या पेशींत आहे की पित्त वाहून नेणाऱ्या नलिकांत? पेशींना इजा झाली की एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम रक्तात उतरतात. पित्ताची वाट तुंबली की अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही दुसरी दोन एन्झाइम चढतात. दोन्ही वाढलेले असले तर साधा भागाकार करावा. एसजीपीटी त्या लॅबच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढायचं आणि फॉस्फेटेज त्याच्या मर्यादेच्या किती पट आहे त्याने भागायचं. उत्तर ५ किंवा अधिक आलं तर दुखणं पेशींचं, २ किंवा कमी आलं तर नलिकांचं, मधे आलं तर मिश्र. समजा एसजीपीटी १२० आहे, मर्यादा ४०, म्हणजे ३ पट. फॉस्फेटेज ४८०, मर्यादा १२०, म्हणजे ४ पट. भागाकार ०.७५. इथे एसजीपीटीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, नलिका तपासायला हव्यात.

मर्यादेवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बऱ्याच लॅब एसजीपीटीची वरची मर्यादा ४५ किंवा ५० छापतात. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०१७ मध्ये पुरुषांसाठी ३३ आणि स्त्रियांसाठी २५ ही मर्यादा सुचवली. मधुमेह असलेल्या बाईचं ४२ ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देणं बरोबर नाही.

उलट बाजूने, काही आकडे उगाच घाबरवतात. जानेवारीत मॅरेथॉन धावून आलेल्या किंवा जिममध्ये नव्याने जोर काढणाऱ्या माणसाचं एसजीओटी स्नायूंतून येतं. सोबत सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) करावं, आठवडाभर व्यायाम थांबवून टेस्ट पुन्हा करावी. वाढत्या वयाच्या मुलांत फॉस्फेटेज हाडांतून येतं आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून. जीजीटी नॉर्मल असेल तर यकृताला दोष देऊ नये. नवरात्राच्या कडक उपासात डोळे पिवळसर झाले, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) २.४, त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं, बाकी सगळं नीट, हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) काउंटही नॉर्मल, असं चित्र असेल तर तो गिल्बर्ट सिंड्रोम, म्हणजे जन्मजात, निरुपद्रवी प्रकार. त्याला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही. ही गोष्ट रुग्णाच्या फाइलवर स्पष्ट लिहून द्यावी, नाहीतर प्रत्येक नवीन डॉक्टरकडे तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात.

यकृत काम किती करतंय हे एसजीपीटी सांगतच नाही. ते सांगतात अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), आणि नेमकं आयएनआर नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतं. एसजीपीटी १५०० वरून ३०० वर आलं म्हणून घरचे खूश होतात आणि त्याच वेळी आयएनआर १.२ वरून २.५ झालेलं असतं, म्हणजे फुटायला पेशीच उरलेल्या नसतात. अल्ब्युमिन पडायला आठवडे लागतात, आयएनआर दिवसा-दोन दिवसांत हलतं. ते वाढलेलं दिसलं तर व्हिटॅमिन केचं १० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देऊन २४ तासांनी पुन्हा मोजावं. सुधारलं तर पित्त आतड्यात न पोचल्याने व्हिटॅमिन शोषलं जात नव्हतं. सुधारलं नाही तर यकृतच थकलंय. अशा रुग्णाला गुंगी येऊ लागली, तो असंबद्ध बोलू लागला, तर घरी ठेवू नये.

कावीळ डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेल्या) बिलिरुबिनची असेल तर पुढची पायरी सोनोग्राफी, ६ ते ८ तास उपाशीपोटी. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधायच्या: यकृतातल्या पित्तनलिका फुगल्यात का, आणि मुख्य पित्तनलिकेचा व्यास किती. साधारण ६-७ मिलिमीटरपर्यंत ठीक. पित्ताशय काढलेलं असेल तर १० पर्यंत चालतं. पित्ताशयातले खडे सोनोग्राफी सहसा चुकवत नाही. मुख्य नलिकेच्या खालच्या टोकातला खडा मात्र आतड्यातल्या हवेमागे लपतो. म्हणून ‘नलिकेत खडा दिसला नाही’ याचा अर्थ ‘खडा नाही’ असा लावू नये. तिथे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करावी, आणि संशय ५ मिलिमीटरपेक्षा लहान खड्याचा असेल तर एंडोस्कोपिक (दुर्बिणीतून आतून केलेली) सोनोग्राफी जास्त भरवशाची.

ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत शिरणं, ही नुसती बघण्यासाठी करायची तपासणी नव्हे. त्यानंतर शंभरात साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाला सूज येते, कधी रक्तस्राव होतो, कधी आतड्याला छिद्र पडतं. गुदमार्गातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन १०० मिलिग्रॅम दिल्याने सुजेचा धोका कमी होतो. खडा आहे हे पक्कं झाल्यावर, तो काढण्यासाठीच ईआरसीपी करावी. नलिकेचं तोंड कापून बलूनने किंवा बास्केटने खडा ओढला की जमल्यास त्याच ॲडमिशनमध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकावं. लांबणीवर टाकलं तर पुन्हा खडा उतरतो. कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं तिन्ही एकत्र असतील तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट पाहू नये. नलिकेत पू साचतोय, त्याच रात्री ॲडमिट व्हावं.

न दुखता चढत जाणारी कावीळ, खाज, पांढुरकी शौच, घटतं वजन. साठीच्या आसपासच्या माणसात हे दिसलं की स्वादुपिंडाच्या डोक्यातली किंवा पित्तनलिकेतली गाठ डोक्यात आलीच पाहिजे. इथे एक चूक फार महागात पडते. बिलिरुबिन १२ बघून घाईने स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी नळी) टाकला जातो आणि सीटी नंतर होतो. स्टेंटमुळे सीटीत चकाकी येते, आसपास सूज येते, आणि गाठ काढता येईल की नाही हे ठरवणं कठीण होऊन बसतं. आधी पँक्रिआस प्रोटोकॉलचा (स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने काढलेला) सीटी, मग स्टेंटचा निर्णय. ऑपरेशन लवकर होणार असेल, ताप नसेल आणि बिलिरुबिन फार चढलेलं नसेल तर स्टेंट लागतोच असं नाही. सीए १९-९ हा रक्तातला कॅन्सरचा मार्कर नुसत्या तुंबलेल्या पित्तानेही वाढतो, त्यामुळे त्या एका आकड्यावरून घरच्यांना कॅन्सर सांगू नये.

आणि टाकलेला स्टेंट विसरू नये. प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत बुजतो. कावीळ उतरते, रुग्ण गावी जातो, बरं वाटतं म्हणून परत येत नाही, आणि वर्षभराने पू झालेल्या नलिकेसह ॲम्ब्युलन्समधून येतो. स्टेंट टाकल्याची तारीख आणि काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावी, मुलाचा किंवा सुनेचा फोन नंबर ठेवून आठवण करून द्यावी. यापेक्षा स्वस्त उपचार नाही.

पित्ताशयात सहज सापडलेल्या, कधीही न दुखलेल्या खड्यांचं बहुतेकदा काहीच करू नये. वर्षाला शंभरातल्या एक-दोघांनाच त्रास सुरू होतो. खडे विरघळवणाऱ्या काढ्यांवर आणि ऑलिव्ह तेलाच्या प्रयोगांवर पैसे घालवू नयेत. जेवणानंतर वरच्या पोटात अर्धा तास ते काही तास टिकणारी, पाठीत उजव्या खांद्यामागे जाणारी कळ एकदा येऊन गेली, तर मात्र ऑपरेशन ठरवावं. चाळिशीनंतर अशी कळ पहिल्यांदा आली तर हार्ट अटॅक नाही ना हे बघायला सोनोग्राफीच्याही आधी ईसीजी काढावा.

पेशींच्या आजाराकडे वळू. इथे निदानाची अर्धी लढाई औषधांच्या पिशवीत असते. रुग्णाला सगळ्या गोळ्या, पावडरी, काढे घेऊन बोलवावं. ‘काही घेत नाही’ म्हणणाऱ्याच्या पिशवीतून हळदीच्या कॅप्सूल आणि प्रोटीन पावडर निघते. भाजीतली हळद वेगळी; मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत पोचला, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं) होतं. ‘नैसर्गिक आहे, त्रास कसा होईल’ हा युक्तिवाद यकृतापुढे चालत नाही.

मुंबईत टीबी भरपूर, त्यामुळे एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या, गोळ्यांनी होणारी कावीळही नेहमीची. मळमळ, उलट्या किंवा कावीळ असून एसजीपीटी मर्यादेच्या ३ पट, किंवा काही त्रास नसताना ५ पट झालं, की आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड थांबवतात. हा निर्णय डॉक्टरांचा; स्वतःहून सगळं बंद केलं तर टीबी बळावतो. मधल्या काळात इथॅम्ब्युटॉल आणि यकृताला कमी त्रास देणारी दुसरी औषधं चालू ठेवतात. एसजीपीटी २ पटीच्या खाली आलं की आधी रिफॅम्पिसिन, काही दिवसांनी टेस्ट करून आयसोनियाझिड, आणि पायराझिनामाइड सगळ्यात शेवटी किंवा अजिबात नाही. कोणत्याही औषधाने एसजीपीटी ३ पटीच्या वर आणि सोबत बिलिरुबिन २ पटीच्या वर गेलं, तर दहातला एक रुग्ण दगावू शकतो. अशा रुग्णाला ‘आठवड्याने दाखवा’ म्हणू नये.

औषधाचं कारण सापडलं नाही तर वय आणि लिंग बघून पुढे जावं. तरुण बाई, रक्तातलं प्रोटीन वाढलेलं, आयजीजी (एक अँटिबॉडी) वाढलेलं: एएनए, एएसएमए या अँटिबॉडींच्या तपासण्या आणि बायॉप्सी. ऑटोइम्यून हिपॅटायटिस स्टिरॉइडने झपाट्याने सुधारतो. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्यापूर्वी भारतीय रुग्णांत टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ ही जनुकीय तपासणी जास्त उपयोगाची, नाहीतर पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात. चाळिशीची बाई, अंगाला खाज, फॉस्फेटेज वाढलेलं, सोनोग्राफी नॉर्मल: एएमए ही अँटिबॉडी. ती पॉझिटिव्ह असेल तर हा प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस (बारीक पित्तनलिकांचा आजार), त्याला अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड वजनाच्या किलोमागे रोज १३ ते १५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला दिवसाला एक ३०० ची गोळी देऊन ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणणं अन्याय आहे. शाळा-कॉलेजच्या वयात अस्पष्ट कारणाने यकृत बिघडलं तर सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची स्लिट लँप तपासणी करून विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार) शोधावा. तो सापडला तर भावंडांनाही तपासावं, कारण प्रत्येकाला चारात एक शक्यता असते.

आता फॅटी लिव्हर, ज्याच्यासाठी हे वाचणारे बरेचजण आले असतील. सोनोग्राफीतला ‘ग्रेड १’, ‘ग्रेड २’ हा चरबीचा अंदाज आहे. धोका ठरतो तो यकृतात किती व्रण पडलेत यावर, आणि ते ग्रेडवरून कळत नाही. त्यासाठी फिब-४ हा व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढावा: (वय गुणिले एसजीओटी) भागिले (हजारांतल्या प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स १ लाख ८० हजार: २४९६ भागिले १४४०, म्हणजे १.७३. वय ३८, एसजीओटी ३६, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २ लाख ८० हजार: ०.६१. पहिल्याचा रिपोर्ट ग्रेड १ आणि दुसऱ्याचा ग्रेड २ असला तरी काळजी पहिल्याची करायची. १.३ च्या खाली धोका कमी (पासष्टीनंतर २ च्या खाली), २.६७ च्या वर जास्त, मधल्यांनी फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करावा. लागतात फक्त सीबीसी आणि दोन एन्झाइम, म्हणजे पालिकेच्या दवाखान्यातल्या रिपोर्टवरही हा हिशोब होतो.

फायब्रोस्कॅन किमान ३ तास उपाशीपोटी. ८ किलोपास्कलच्या खाली दिलासा, १२ च्या वर तज्ज्ञाकडे. १० मोजण्या झाल्यात का आणि आयक्यूआर (मोजण्यांमधली तफावत) ३० टक्क्यांच्या आत आहे का हे रिपोर्टवर बघावं. ताजी कावीळ, हृदयाचा कमकुवतपणा किंवा भरलं पोट यांनी आकडा खोटा चढतो.

उपचार वजनाचा. ८० किलोच्या माणसाने साडेपाच ते ८ किलो उतरवले तर सूज ओसरते, १० टक्क्यांच्या पुढे व्रणही मागे हटू शकतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने उतरवू नये, त्याने पित्तखडे होतात. पोटाचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरवर असेल तर वजनकाटा काही म्हणो, जोखीम आहेच. औषधांपैकी सॅरोग्लिटाझार भारतात २०२० पासून मंजूर आहे. अमेरिकेत रेस्मेटिरोम २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये या आजारासाठी मंजूर झालं. व्रण ठरवल्याशिवाय यातलं काही मागू नये. एसजीपीटी थोडं वाढलं म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन बंद करणं चूक आहे, कारण या रुग्णांना सर्वात मोठा धोका हृदयाचा असतो.

दारूचा हिशोब ग्रॅममध्ये विचारावा. ६० मिलिलिटर व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम अल्कोहोल, क्वार्टरमध्ये ६०, स्ट्राँग बियरच्या मोठ्या बाटलीत ४०. पुरुषाने रोज ३० आणि बाईने २० ओलांडले तर त्याला नुसतं फॅटी लिव्हर म्हणून चालणार नाही. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट आणि जीजीटी चढलेलं असलं की पुन्हा विचारावं, शक्यतो घरच्यांना बाहेर बसवून.

सिरॉसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) झालाच तर घरी सगळ्यात आधी बंद होतात डाळ, अंडी आणि मासे. नेमकं उलट हवं: किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाणं, कारण रात्रभरच्या उपासात शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. बंद करायचं ते मीठ: दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण, सुके बोंबील गेले. ब्रुफेनसारख्या वेदनाशामकांनी किडनी जाते. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत चालतं. दर ६ महिन्यांनी गाठीसाठी सोनोग्राफी. पोटात पहिल्यांदा पाणी झालं, रक्ताची उलटी झाली किंवा भ्रम झाला, की त्याच वेळी प्रत्यारोपण केंद्राचं मत घ्यावं. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी मुंबईची प्रतीक्षायादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते आणि नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. घरातला दाता पुढे आला तरी त्याच्या तपासण्या आणि मंजुऱ्यांना वेळ लागतो, आणि किडनी बंद पडेपर्यंत थांबलेल्या रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो.