डोक्याचा घेर

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सेरेब्रल पाल्सी, फिजिओथेरपीसाठी'. मुलगी अडीच वर्षांची, आईच्या कडेवर. दोन्ही पाय ताठ, एकमेकांवर चढलेले, टाचा टेकतच नव्हत्या. आई गप्प, बोलत होती ती आजी. "धरून धरून चालायची हो मॅडम. 'आज्जी, पानी' म्हणायची. आता काय बी म्हणत न्हाई, नुसती बगती."

हे ऐकल्यावर मी चिठ्ठी बाजूला ठेवली. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत आलेला दोष; ती इजा पुढे वाढत जात नाही. मूल उशिरा चालेल, कदाचित चालणारच नाही. पण येत असलेलं एकेक विसरत जाणार नाही.

जुनी फाइल मागितली. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास डोक्याचा घेर ४४ सेंटिमीटर. मी टेप लावला, पुन्हा लावून पाहिला: ४४.५. या वयाला तो ४८च्या आसपास हवा. कवटी वाढते ती आतल्या मेंदूमुळे, म्हणजे दीड वर्ष मेंदूच जवळपास वाढला नव्हता. मानेत, काखेत गाठी, तोंडात पांढरा बुरा. शिकलेलं जाणं, घेर थांबणं आणि दोन्ही बाजूंना सारखाच ताठरपणा एकत्र दिसला की एचआयव्हीची चाचणी व्हायलाच हवी.

पण आईची गरोदरपणातली चाचणी निगेटिव्ह होती, म्हणूनच कुणी त्या वाटेने गेलं नसावं. ती होती तिसऱ्या महिन्यातली. लागण त्यानंतरही होऊ शकते, आणि ताज्या लागणीत आईच्या शरीरात विषाणू इतके असतात की अंगावरच्या दुधातून बाळाला धोका फार वाढतो.

वजन करायला आजी मुलीला घेऊन गेल्या तेव्हा समुपदेशक ताईंना बोलावून आईशी एकटीशी बोलले. तिने चाचणीला होकार दिला. सासूबाईंबद्दल एवढंच म्हणाली, "आत्यांना आत्ताच सांगू नका." तो तिचा हक्क होता. मुलगी दीड वर्षापुढची, त्यामुळे नेहमीची अँटिबॉडी चाचणी चालते. त्याआधी आईच्या अँटिबॉडीज बाळात असतात, म्हणून थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी लागते. दोघी पॉझिटिव्ह आल्या.

हा विषाणू मेंदूच्या चेतापेशींत सहसा शिरत नाही. रक्तातल्या पेशींतून मेंदूत पोचतो आणि तिथल्या राखणदार पेशींत, मायक्रोग्लियात, ठाण मांडतो. त्या पेशींतून जे विषारी द्रव्य झिरपत राहतं, त्याने चेतापेशी मरतात. मोठ्या माणसाचा मेंदू निदान बांधून झालेला असतो. इथे बांधकाम चालू असतानाच पाया पोखरला जातो. सीटी स्कॅनमध्ये मेंदू आक्रसलेला दिसला, मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियात, कॅल्शियमचे पांढरे डाग. पाठीतलं पाणी तपासून टीबीचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी, नाही याची खात्री केली, मग एचआयव्हीची औषधं सुरू केली: अबाकाव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्राव्हिर.

"गेलेलं परत येईल का?" आईने विचारलं. मी म्हटलं, काही येईल, सगळं नाही. पण आणखी जाणं आपण थांबवू शकतो.

आता व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, उतरलाय, घेर पुन्हा वाढू लागलाय. भिंत धरून ती उभी राहते. सांगितलेलं बहुतेक कळतं, शब्द मात्र अजून मोजकेच. बोलणं समजण्यापेक्षा मागे राहणं या मुलांत नेहमी दिसतं. पायांतला ताठरपणा काही प्रमाणात राहीलच, त्यासाठी व्यायाम आणि स्प्लिंट चालू आहेत. आईचीही औषधं चालू आहेत, आणि घरी तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पुढच्या भेटीला आजींनाही बोलावलंय, वाचा-उपचाराचे व्यायाम शिकून घ्यायला.