पाण्याला वळसा घाला: रोजच्या गाडीने ड्रॅग स्ट्रिपवर घालवलेला एक दिवस

"आधी टायर पाण्यात भिजव, जागच्या जागी फिरव आणि धूर निघाला की सोड गाडी," हा सल्ला मला ज्या स्नेह्याने दिला, त्याने रस्त्यावरच्या साध्या टायरांनिशी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्या पाव मैल सरळ धावतात त्या शर्यतीच्या पट्टीवर, पाऊलही ठेवले नसावे, हे माझ्या पहिल्याच फेरीत उघड झाले. शर्यतीच्या गुळगुळीत स्लिक टायरांसाठी असलेला हा विधी खाचांच्या टायरांवर केला की काय होते, ते सविस्तर लिहितो आहे, कारण त्या दिवशी माझ्यामागे रांगेत उभे असलेले आणखी तिघे हीच चूक करताना मी पाहिले.

गाडी सुस्थितीत आहे, क्लच घसरत नाही आणि मॅन्युअल गिअर न खडखडता बदलता येतात, एवढे मी गृहीत धरतो. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिनात काहीही फेरफार न केलेली हॅचबॅक आहे. जाण्याचा रस्ता चांगला होता, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. पोहोचल्यावर गाडीची तपासणी झाली. बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, कुठे तेल किंवा पाणी गळते का, चाकांचे नट आवळलेले आहेत का आणि सीटबेल्ट धड आहे का, हे त्यांनी पाहिले. स्टेपनी, जॅक, पाने, पाण्याची बाटली आणि पायाखालच्या चटया आधीच काढून ठेवा, कारण चालकाच्या बाजूची सुटी चटई ऐनवेळी ब्रेकखाली सरकू शकते.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र मी सरळ लुबाडला गेलो. अमेरिकेतील एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमावलीत पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्या गाड्यांना हेल्मेट सक्तीचे आहे. माझी गाडी त्या वेळेच्या आसपासही फिरकत नाही, पण या ट्रॅकवर ते सरसकट सर्वांना सक्तीचे होते. दुचाकीचे हेल्मेट चालणार नाही असे कोणीतरी छातीठोकपणे सांगितल्यामुळे मी माझे घरी ठेवून गेलो आणि तिथे प्रवेशशुल्काच्या जवळजवळ निम्मे भाडे मोजून दुसऱ्याच्या घामाचा वास येणारे, काचेवर ओरखडे पडलेले हेल्मेट घातले. शेजारी उभा असलेला स्पर्धक मात्र दुचाकीचेच प्रमाणित हेल्मेट घालून निवांत बसला होता. ट्रॅकला स्वतः फोन करून विचारा, मित्रांना विचारू नका.

आता त्या पाण्याकडे येतो. सुरुवातीच्या रेषेच्या थोडे मागे पाण्याचे एक उथळ थारोळे असते, त्याला वॉटर बॉक्स म्हणतात. मी सांगितल्याबरहुकूम पुढची चाके त्यात नेली, हँडब्रेक ओढला आणि चाके फिरवली. धूर निघाला, मला धन्यता वाटली. पण टायरच्या खाचांत शिरलेले पाणी चाकांवरच्या कमानीत उडाले होते आणि मी रेषेवर थांबताच ते थेंबाथेंबाने नेमके टायरांपुढे ठिबकू लागले. रेषेजवळचा पृष्ठभाग डिंकासारख्या रसायनाने आणि जुन्या रबराच्या थरांनी इतका चिकट असतो की चालताना बुटांचे तळवे चरचरत सुटतात; पण चिकट असो वा नसो, मध्ये पाणी आले की पकड संपली. हिरवा दिवा लागला, मी ४,५०० आरपीएमवर क्लच सोडला, चाके जागीच गरगरली आणि मग गाडीचे नाक कोणी खालून हातोडा मारावा तसे धडधडू लागले. याला व्हील हॉप म्हणतात, आणि रोजच्या गाडीचा ॲक्सल तुटतो तो बहुधा याच धडधडीत. अशा वेळी हट्ट न धरता ॲक्सिलरेटर सोडावा.

टाइम स्लिपवर, म्हणजे फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर, पहिल्या ६० फुटांसाठी, म्हणजे साधारण १८ मीटरसाठी, २.८१ सेकंद आणि पूर्ण पाव मैलासाठी, म्हणजे ४०२ मीटरसाठी, १७.४२ सेकंद छापून आले. शेवटचा वेग ताशी १३१.६ किलोमीटर होता. दिवसाच्या अखेरीस याच गाडीने ६० फूट २.४४ सेकंदांत आणि पाव मैल १६.७९ सेकंदांत पार केला, तेव्हा शेवटचा वेग होता १३२.४. वेग जवळपास तोच, पण वेळेत ०.६३ सेकंदाचा फरक! शेवटचा वेग इंजिनाच्या ताकदीबद्दल सांगतो आणि पहिले ६० फूट चालकाबद्दल. सुरुवातीला गमावलेला एक दशांश सेकंद शेवटी दीड ते दोन दशांश होऊन वसूल केला जातो. त्यामुळे एअर फिल्टर वगैरे बदलण्यावर पैसे घालण्याआधी या १८ मीटरांवर मेहनत करा.

मी बदलले ते एवढेच. वॉटर बॉक्सला वळसा घालून कोरड्या भागातून गेलो आणि खडे-माती झटकण्यापुरती चाके क्षणभर फिरवली. सुटताना वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात, म्हणून पुढच्या टायरांची हवा ३२ वरून २७ पीएसआय केली आणि मागच्यांची ३८ केली. चाके घसरू लागली की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारे ट्रॅक्शन कंट्रोल बंद केले, २,६०० आरपीएमवर क्लच एकदम न सोडता अर्धा सेकंद घासत सोडला आणि मगच पेडल पूर्ण दाबले. एसीही बंद ठेवा, कारण त्याचे पाणी रेषेवरच गळते आणि तुमच्यामागून येणाऱ्याचे शाप लागतात.

दिव्यांच्या खांबाने मला दुसरा धडा दिला. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. हिरवा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच म्हणून समजा. शेवटचा पिवळा लागताच निघायचे असते. तुमचे घड्याळ सुरू होते ते चाकाने रेषेवरचा प्रकाशझोत सोडल्यावर, त्यामुळे उशीर केला तरी स्लिपवरची वेळ छान दिसते आणि शर्यत मात्र हातची जाते. हिरव्यानंतर निघायला लागलेला वेळ आणि स्लिपवरची वेळ मिळून माझे ०.९४ अधिक १७.०६, समोरच्याचे ०.४१ अधिक १७.३८. बेरीज करून पाहा. वेळ माझी चांगली आणि हरलोही मीच.

दिवसभरात दहा फेऱ्या होतील असे मला सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात सरावाच्या तीनच झाल्या. एका गाडीने स्ट्रिपवर तेल सांडल्यावर ते पुसून, सुकवून पुन्हा रेषा उघडेपर्यंत आम्ही सारे उन्हात बॉनेट उघडे ठेवून बसलो. सावलीसाठी छत्री न्या आणि पोहोचताच आधी रांगेत गाडी लावा, गप्पा नंतर मारा.

संध्याकाळच्या ब्रॅकेट शर्यतीत आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करायची असते आणि दोघांच्या वेळेतील फरकाइतकी आघाडी संथ गाडीला मिळते. मी १६.९० लिहिले आणि तो वर सांगितलेला १६.७९ चा विक्रम नेमका तिथेच केला. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचलो म्हणून, समोरचा नियमात राहिलेला असताना, पहिल्याच फेरीत बाद झालो. इतक्या आनंदाने मी आजवर कुठलीच शर्यत हरलेलो नाही. या आनंदाच्या भरात पुढच्या टायरांत हवा भरायची मात्र राहून गेली आणि महामार्गावर पहिल्या वळणाला स्टेअरिंग लिबलिबीत लागल्यावर ते आठवले, तेव्हा हवेचा छोटा पंप डिकीत ठेवा आणि फाटकाबाहेर पडण्याआधीच चारही चाकांचा दाब पूर्ववत करून नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.