क्लिक एकवर, विंडो तीनवर

लिनक्सवर वर्कस्पेस, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून-पालटून बघता येणारे नंबर दिलेले डेस्कटॉप, वापरणाऱ्या प्रत्येकाची ही रड असते. जड अ‍ॅप एक नंबरवर सुरू करायचं, ते उघडेस्तोवर तीनवर जाऊन मेल बघावी म्हटलं तर पठ्ठ्या थेट मेलच्या डोक्यावर येऊन बसतो. माझं मत सरळ आहे, जिथून सुरू केलं तिथंच उघडायला हवं.

एक्स११ वर (लिनक्सवर विंडो दाखवणारी जुनी यंत्रणा) त्याची सोय आहे पण, तिला स्टार्टअप नोटिफिकेशन म्हणतात. लाँचर अ‍ॅपच्या हातात एक आयडी देतो, विंडो उघडताना अ‍ॅपने तो दाखवायचा, म्हणजे विंडो मॅनेजरला (विंडो कुठे ठेवायच्या ते बघणारा प्रोग्राम) कळतं की ही एक नंबरची. आता टर्मिनलमधून नुसती कमांड मारली की आयडी देणारं कोणी नसतं, आणि काही अ‍ॅप्स आयडी मिळूनही दाखवत नाहीत. आयथ्री नावाच्या विंडो मॅनेजरमध्ये अशा अ‍ॅपची वाट बघत माउसचा कर्सर ६० सेकंद घड्याळ होऊन बसतो, फार वैताग येतो त्याचा.

ब्राउझरचं प्रकरण वेगळंच. तो दोनवर आधीच चालू असेल आणि तुम्ही तीनवर मेलमधली लिंक दाबली तर नवीन प्रोसेस फक्त लिंक जुन्याला देते आणि मरते, टॅब उघडतो दोनवर. इथे विंडो मॅनेजरला शिव्या घालून उपयोग नाही, त्याच्यापर्यंत नवीन विंडो गेलेलीच नसते. शिवाय फायरफॉक्स सेशन रिस्टोअर करताना कुठली विंडो कुठल्या वर्कस्पेसवर होती तेही लक्षात ठेवू शकतो, नको असेल तर अबाउट कॉन्फिग या त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर 'वर्कस्पेस मॅनेजमेंट' शोधा, ते बंद करायची सेटिंग सापडेल.

बाकी अ‍ॅप्सना नियम लावून टाका सरळ. केडीई या डेस्कटॉपमध्ये विंडो रूल्स आहेत, ग्नोम डेस्कटॉपला ऑटो मूव्ह विंडोज एक्स्टेंशन, आयथ्रीत असाइन. आयथ्रीत नियम बहुतेकदा विंडोच्या क्लासवर (विंडो कुठल्या प्रोग्रामची ते सांगणारं नाव) लावतात, तो बघायला एक्सप्रॉप ही कमांड चालवून विंडोवर क्लिक करायचं, डब्ल्यूएम क्लासच्या ओळीत दोन नावं दिसतात त्यातलं दुसरं घ्यायचं. माझ्याकडच्या एका म्युझिक अ‍ॅपवर असाइन चालेचना, कारण ते आधी बिननावाची विंडो उघडतं आणि क्लास मागाहून लावतं, तोवर नियम तपासून झालेला! तिथं असाइन सोडून आयथ्रीचाच फॉर विंडो हा नियम वापरला, क्लास बदलला की तो परत तपासला जातो.

आणि डब्ल्यूएमसीटीआरएल या कमांडने विंडो हलवत असाल तर तिथं मोजणी ० पासून, म्हणजे तिसरा वर्कस्पेस हवा असेल तर २ लिहायचं. त्याच्या विंडोंच्या यादीत -१ दिसलं तर ती विंडो सगळ्याच वर्कस्पेसवर चिकटवलेली आहे.

वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी यंत्रणा) मात्र डब्ल्यूएमसीटीआरएलला नेटिव्ह, म्हणजे थेट वेलँडवर चालणाऱ्या, विंडो दिसतच नाहीत, आणि मला अमुक वर्कस्पेसवर टाक असं अ‍ॅपही सांगू शकत नाही, सगळं कंपोझिटरच्या, म्हणजे तिथल्या विंडो मॅनेजरच्या, हातात. केडीईचे विंडो रूल्स तिथंही चालतात, त्यामुळे सध्या तरी मी तेच धरून आहे.