एका रकान्यात दोन कर क्रमांक

पुरवठादारांची ई-बिलं घ्यायची आणि ग्राहकाच्या हिशेबाच्या सिस्टीमला समजेल अशा एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहितीचा प्रत्येक घटक नावाच्या खुणेत मांडणाऱ्या फाइलीत, बदलून द्यायची, हे आमचं काम. बिलं येतात यूबीएल २.१ मध्ये; ही ई-बिलांची ठरलेली एक्सएमएल मांडणी. मॅपिंग, म्हणजे बिलातला कुठला घटक आउटपुटच्या कुठल्या रकान्यात जाईल हे रेघांनी दाखवणाऱ्या जोडण्या, बऱ्याच काळापासून एक्सएसएलटी १.० या एक्सएमएल बदलायच्या भाषेवर बिनतक्रार चालत होतं. पुढे ग्राहकाला कराच्या दरानुसार वेगवेगळ्या बेरजा हव्या झाल्या. १९९९ च्या त्या आवृत्तीत गट पाडायची थेट सोय नाही, २००७ च्या २.० मध्ये ती आहे. म्हणून ट्रान्सफॉर्मेशनच्या सेटिंगमध्ये आवृत्ती बदलली आणि बेरजांचा नवा भाग जोडला. जुन्या जोडण्यांना कुणी हात लावला नव्हता.

आणि एका पुरवठादाराची बिलं ग्राहकाच्या सिस्टीमकडून परत येऊ लागली. विक्रेत्याच्या कर क्रमांकाच्या रकान्यात दोन क्रमांक, मध्ये एक मोकळी जागा.

मी आधी मूळ स्कीमाच्या, म्हणजे बिलाच्या रचनेच्या आराखड्याच्या, झाडात ‘कंपनीआयडी’ हे क्रमांकाच्या घटकाचं नाव शोधलं. यूबीएलमध्ये हे नाव विक्रेत्याखाली आहे, खरेदीदाराखाली आहे, कर प्रतिनिधीखाली आहे; शिवाय विक्रेत्याखालीच कर नोंदणीसाठी वेगळं आणि कायदेशीर नोंदणीसाठी वेगळं. नुसत्या नावाने शोधून इथे काही हाती लागत नाही. मग उलटीकडून निघाले. आउटपुटचा तो रकाना निवडला आणि त्याला येऊन मिळणारी रेघ धरून मागे गेले. रेघ निघत होती पार्टीटॅक्सस्कीम या कर नोंदणीच्या घटकाखालच्या कंपनीआयडीतून. हा पार्टीटॅक्सस्कीम एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकतो, आणि मध्ये फिल्टर कुठेच नव्हता.

या पुरवठादाराच्या बिलात तो दोनदा येत होता: एकात व्हॅट क्रमांक, दुसऱ्यात स्थानिक कर नोंदणीचा क्रमांक. कुठला कुठला हे ओळखायची खूण म्हणजे आतल्या टॅक्सस्कीमचा, म्हणजे कराच्या प्रकाराचा, आयडी. एक्सएसएलटी १.० मधलं व्हॅल्यू-ऑफ, म्हणजे मूल्य उचलून लिहिणारी आज्ञा, अनेक नोड (घटक) मिळाले तर फक्त पहिला घेतं, बाकीचे मुकाट्याने सोडून देतं. २.० सगळे घेतं आणि मध्ये स्पेस टाकून जोडतं. चाचणीच्या फाइलींत प्रत्येक विक्रेत्याला एकच नोंदणी होती, त्यामुळे तिथे फरक दिसणं शक्यच नव्हतं.

सेटिंग परत १.० करा, असा सूर बैठकीत निघाला. मी ठाम नाही म्हटलं, कारण तोवर मला एक गोष्ट खटकली होती: पहिला नोड म्हणजे व्हॅटचाच, असं ठरवलं कुणी? जुनी बिलं काढून पाहिली. काहींमध्ये स्थानिक नोंदणी आधी होती, व्हॅट नंतर. म्हणजे त्या बिलांवर चुकीचा क्रमांक गेला होता आणि सिस्टीमने तो घेतलाही होता, कारण एकच क्रमांक असला की तिची तक्रार नसते. परत आलेली बिलं मला त्यापेक्षा कितीतरी बरी वाटली.

आयडी ‘व्हॅट’ असेल तोच पार्टीटॅक्सस्कीम पुढे जाईल, असा फिल्टर रेघेवर बसवला. मग नाव विसरून फक्त पुनरावृत्ती होऊ शकणारे घटक शोधत सगळं मॅपिंग चाळलं. विक्रेत्याच्या बँक खात्याच्या रेघेवरही फिल्टर नव्हता. चुकीच्या क्रमांकाच्या बिलांची यादी करून लेखा विभागाला दिली. तिथल्या मॅडमनी ती वाचली आणि आधी एवढंच विचारलं, “यातली कुठली बिलं कर विवरणात गेली आहेत, ते तारखेवरून लावून द्याल?” तो रकाना जोडून यादी पुन्हा पाठवली.