तुम्ही विचारलंत म्हणून: ग्राफ काढून समीकरणं कशाला सोडवायची?

"लोप पद्धतीनं दोन ओळींत उत्तर येतं, मग ग्राफचा उपद्व्याप कशाला?" मुलं विचारतात, त्यांचे आईबाबा विचारतात, हल्ली तर सोबत शिकवणारेसुद्धा विचारायला लागलेत. (लोप पद्धत म्हणजे दोन समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून क्ष किंवा य घालवायचा; ग्राफ म्हणजे दर समीकरणाची एक रेषा काढून त्या जिथे छेदतात तो बिंदू वाचायचा.) मी दरवेळी "समजायला सोपं जातं हो" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेते. ते खरं उत्तर नाहीये. आज एकदाच लिहून टाकते.

आधी तुमच्या बाजूनं बोलते. उत्तर काढायची पद्धत म्हणून ग्राफ लंगडाच आहे. क्षची किंमत १६/७ असली तर ती कागदावरून वाचून दाखवा. तीन चलं, म्हणजे तीन अज्ञात संख्या, आल्या की रेषांच्या जागी प्रतलं (सपाट पृष्ठं) येतात, ती वहीत कोण काढणार? आणि चीनमधले गणिती साधारण २००० वर्षांपूर्वी लोप पद्धतीनंच अशी समीकरणं सोडवत होते, समीकरणांची रेषांशी सांगड घालणारी फ्रेंच गणिती देकार्तची भूमिती छापून आली १६३७ मध्ये, म्हणजे मधली कित्येक शतकं ग्राफवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. सगळं मान्य. मला हे परत ऐकवू नका.

उलट ग्राफवर राग धरायचा तर माझा हक्क तुमच्याआधी लागतो. शाळेत असताना परीक्षेत एक गणित आलं होतं, अजून पाठ आहे: ४क्ष − ५य = −४ आणि ५क्ष − ६य = −३, ग्राफ काढून सोडवा. मी पहिल्या रेषेसाठी (−१, ०) आणि (४, ४) घेतले, दुसरीसाठी (−३, −२) आणि (३, ३). पेन्सिल टोकदार, पट्टी नवी, एका सेंटीमीटरला एक एकक. रेषा वाढवत नेल्या तर त्या एकमेकींना छेदेचनात, नुसत्या जवळ जवळ येत गेल्या आणि पुढे आठपासून दहापर्यंत एकच जाडसर रेघ दिसायला लागली. आता यातला बिंदू कुठला म्हणायचा? मी अंदाजानं (८.५, ७.६) धरला आणि शहाण्या मुलीसारखा ताळाही केला. पहिल्या समीकरणात ३४ − ३८ = −४, तंतोतंत. दुसऱ्यात ४२.५ − ४५.६ = −३.१. म्हटलं, पॉइंट एकचा तर फरक, ग्राफमध्ये एवढं चालतंच.

बरोबर उत्तर (९, ८) होतं. मला शून्य. शेरा होता, "पेन्सिलीला टोक करत जा." अहो, टोक होतं! वर्गात सगळ्यांसमोर वही दाखवून तेच वाक्य परत म्हटलं गेलं, सगळे हसले, आणि त्या दिवसापासून मी ग्राफला जी शिवी घातली ती कॉलेजपर्यंत घालत राहिले.

त्या रेघेत काय चाललं होतं ते कुणी सांगितलंच नाही, खूप नंतर माझं मीच करून बघितलं. एका रेषेचा चढ ०.८, दुसरीचा ०.८३३. छेदनबिंदूपासून एक सेंटीमीटर अलीकडे किंवा पलीकडे गेलात तरी दोन रेषांमधलं उभं अंतर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, पेन्सिलीची रेघच त्याहून जाड. (३, ३) हा बिंदू पाव मिलिमीटर वर-खाली पडला तरी छेदनबिंदू सेंटीमीटरभराहून जास्त सरकतो. टोक काढून काय होणार होतं, कपाळ? आणि ताळ्यानंही वाचवलं नाही, कारण अशा जोडीत चुकीचं उत्तरसुद्धा समीकरणांत जवळपास बसतं.

तर आता माझं म्हणणं. लोप पद्धतीनं (९, ८) आलं असतं, मार्क मिळाले असते, आणि ही जोडी किती नाजूक आहे हे मला कधी कळलंच नसतं. प्रत्यक्ष मोजून आलेल्या आकड्यांत −३ च्या जागी −३.१ यायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यानं उत्तर ९ वरून ८.५ वर येतं, आणि लोप पद्धत ते ८.५ सुद्धा तितक्याच ठणठणीत आवाजात सांगते. शंका फक्त त्या जाड रेघेला येते. शाळेतली मी इथे म्हणेल, निश्चयक काढ ना (क्ष आणि यच्या आधीच्या आकड्यांवरून काढायची संख्या, ती शून्य आली तर रेषा एका बिंदूत छेदत नाहीत), रेघा कशाला? काढला. तो येतो १. एक म्हणजे लहान की मोठा? दोन्ही समीकरणांना दहानं गुणा, रेषा त्याच राहतात आणि निश्चयक होतो १००. मग तिच्याकडे उत्तर नसतं. पण "बिंदू वाचायला लावून मार्क का कापता" असं ती विचारते तेव्हा माझ्याकडेही नसतं.

आणि कोसाइन क्ष = क्ष सोडवा बघू लोप पद्धतीनं. क्ष रेडियनमध्ये धरून दोन्हींचे ग्राफ काढले तर ०.७४ च्या आसपास एकदाच छेदतात हे लगेच दिसतं.

आता विचाराल, माझ्यासमोर कुणी (८.५, ७.६) लिहून आणलं तर मी काय करते? मार्क देते, पूर्ण नाही. किती, ते दरवेळी वेगळं ठरतं आणि मुलं त्यावरून भांडतात. भांडू देत. मला अजून पक्का नियम सापडलेला नाही, तुमच्याकडे असेल तर सांगा, फक्त पेन्सिलीचं नाव काढू नका.