निर्माल्याची पिशवी

कॉलेजात एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घातलं तेव्हा वर्षाचे १२० तास भरायचे, एवढंच माहीत होतं. त्यातले सगळ्यात अवघड तास गेले गणपतीआधी, मूर्ती आणि निर्माल्य नदीत सोडू नका, हे सांगत गल्लोगल्ली फिरताना. दारात उभी राहून मी पाठ केलेलं घडाघडा म्हणायचे: प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, फुलं कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. लोक "बरं बरं" म्हणत दार लावून घ्यायचे. एका तालमीत तर एका काकांनी थेट विचारलं, "सांडपाणी नदीत येतंय, ते दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

प्रश्न खरा होता. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तेच आधी कबूल करायला लागले. होय, सांडपाणी हे नदीचं मोठं दुखणं आहे आणि त्याबद्दल बोललंच पाहिजे. पण आपली पंचगंगा पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, वाटेतली गावं हेच पाणी पितात. निदान आपल्या हातातली पिशवी तरी त्यात नको. मग बायका उंबऱ्यावर टेकून बोलायला लागल्या.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला दुपारपासून आम्ही पंचगंगा घाटावर. मूर्ती बुडवायला पाण्यानं भरलेल्या काहिली, म्हणजे मोठ्या कढया, मांडलेल्या, शेजारी आमचं निर्माल्याचं टेबल. एक आजी पिशवी सोडेचनात.

"पोरी, देवाची फुलं हाईत ही. कचऱ्यात घालशीला."

मी वाद घातला नाही. चप्पल काढली, स्वच्छ पोतं अंथरलं आणि पिशवी त्यांच्यासमोरच उघडली. दूर्वांच्या जुड्या, आघाडा, केवड्याचं पान, कोमेजलेली जास्वंद. हारातला नायलॉनचा दोरा ओढून काढला, कापराची प्लास्टिकची पुडी बाजूला ठेवली. दोऱ्याला टाचणी होती, ती बोटात घुसली. आजी बघत होत्या. मग त्या स्वतःच पायरीवर बसल्या आणि दूर्वांचे दोरे सोडायला लागल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा झरझर चालत होता.

"ह्याचं काय करनार?"

"खत, आजी. आमच्या कॉलेजच्या बागेत."

"मग जास्वंदीला घाल."

अंधार पडेपर्यंत असंच चाललं. सगळ्यांनीच पिशव्या दिल्या असं नाही. काहींनी आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात सोडल्या, तेव्हा फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर कॉलेजातला खड्डा उकरला. काळं, भुसभुशीत खत झालं होतं. पहिलं घमेलं मी जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं.