जुन्या लॅम्ब्रेटा आणि जळगावचे आमचे वर्कशॉप : आमची वाटचाल

जळगावात अजिंठा चौफुलीच्या परिसरात आमचे छोटे वर्कशॉप आहे. तेथे आज मुख्यत्वे लॅम्ब्रेटा आणि तिच्याच कुळातील विजय सुपर या दोनच स्कूटर दुरुस्त होतात. व्हेस्पाच्या धर्तीवर बनलेल्या जुन्या बजाज १५० अधूनमधून येतात आणि त्यांनाही आम्ही परत पाठवत नाही. वडिलांनी १९८४ साली गॅरेज सुरू केले तेव्हा असे एकाच जातीच्या गाडीला वाहून घेण्याचा प्रश्न नव्हता. नवीन बजाजसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे घरात आहे ती स्कूटर चालती ठेवणे ही हौस नव्हती, निकड होती, आणि डाळमिलमधील दिवाणजींपासून केळीच्या व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांच्या गाड्या आमच्या दारात उभ्या असत.

या गाडीचा पूर्वेतिहास आम्ही नव्या ग्राहकाला आवर्जून सांगतो, कारण पार्ट निवडताना तो रोज आडवा येतो. मिलानमधील इनोचेंतीच्या कारखान्यात १९४७ पासून लॅम्ब्रेटा बनत होती. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९५०च्या दशकापासून तिची जुळणी आणि पुढे उत्पादन करू लागली. इटलीतील उत्पादन १९७१ साली थांबल्यावर तेथील यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली, १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया स्थापन झाली आणि विजय सुपर रस्त्यावर आली. लखनौनेही १९९७ साली दुचाकी बनवणे सोडले. एकाच घराण्यातील गाड्या अशा तीन ठिकाणी घडल्याने वरून सारखे दिसणारे पार्ट आतून नेहमीच जुळतात असे नाही. उदाहरणार्थ, क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा, सर्व मॉडेलांत एकच नाही, त्यामुळे एका गाडीचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे चुंबकी चाक) दुसरीवर जबरदस्तीने ठोकून बसवला की क्रँक आणि मॅग्नेटो दोन्ही गमावण्याची वेळ येते.

मोटारसायकलींनी बाजार काबीज केला तसा आमच्याकडील राबता ओसरला. मी कामात आलो त्या सुमारास एखाद्या मोटारसायकल कंपनीचे सर्व्हिस सेंटर घ्यावे असा विचार घरात गंभीरपणे चालू होता. तो मागे पडला, कारण भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव आणि धुळे येथील काही लॅम्ब्रेटाधारक याच काळात नियमितपणे येऊ लागले होते. कोणाची आजोबांची गाडी होती, कोणी भंगारातून उचलली होती. पण यांतील कोणालाही स्वस्त दुरुस्ती नको होती, गाडीत नेमके काय बिघडले हे त्यांना समजून हवे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले भुसावळचे एक फिटर काका त्यांच्यात होते. ब्लेडचे पाते घालून पॉइंटची (ठिणगीचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काची) फट जुळवण्याची आमची जुनी रीत त्यांनी पहिल्याच भेटीत बंद करवली आणि फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचा फीलर गेज हातात दिला.

त्यांच्याच आग्रहावरून आम्ही तपासणीचे शुल्क वेगळे घेऊ लागलो आणि प्रत्येक गाडीचा तपासणी कागद लिहू लागलो. "नुसते पाहिले त्याचे कसले पैसे?" हा प्रश्न खान्देशात आजही ऐकावा लागतो, आणि त्याला आमच्याकडे अमळनेरच्या एका शेतकरी ग्राहकाचे उदाहरण तयार असते. "भाऊ, गाडी गरम व्हयनी का बंद पडस, अन् थंडी व्हयनी का एक किकमा चालू," एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याआधी दुसरीकडे कार्ब्युरेटर बदलून झाला होता, सिलिंडर बोअर करून नवीन पिस्टनही पडला होता. आम्ही भर मे महिन्यात दुपारी ती गाडी पाळधीच्या दिशेने चालवत नेली. अपेक्षेप्रमाणे ती बंद पडताच प्रथम टाकीचे झाकण सैल केले, कारण झाकणातील हवेचे छिद्र बुजले तरी पेट्रोल उतरत नाही आणि लक्षण हेच दिसते. परंतु फरक पडला नाही. मग प्लग काढून हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी होती, पण बारीक आणि पिवळसर. निरोगी ठिणगी निळसर आणि टणत्कार करणारी असते. वर्कशॉपला परतल्यावर पुलरने मॅग्नेटो उतरवला तेव्हा पॉइंटची तोंडे काळी पडून त्यांवर खड्डे पडलेले दिसले. दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटच्या तोंडांवर ठिणग्या उडू न देणाऱ्या भागाचा, होता. तो मॅग्नेटोच्या आड बसतो, इंजिनची उष्णता थेट झेलतो आणि तापला की त्यातून वीज गळू लागते. आम्ही नवीन कंडेन्सर तेथे न बसवता तार वाढवून बाहेर, इग्निशन कॉइलजवळ हवेशीर जागी लावला. पार्टची किंमत तपासणी शुल्काहूनही कमी भरली.

दुसरे दुखणे याहून फसवे असते. थ्रॉटल सोडला तरी इंजिनचा वेग उतरत नाही, आणि मालक केबल बदलत राहतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हवाबंद असावा लागतो. ऑइल सील किंवा पॅकिंग कोठेही श्वास घेऊ लागले की जादा हवा शिरून पेट्रोलचे मिश्रण विरळ होते, वेग चढाच राहतो आणि पुढे पिस्टन जाम होतो. यासाठी आम्ही सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या जागी रबरी बूच लावून हातपंपाने ५ ते ६ पीएसआय एवढाच दाब भरतो आणि काटा पाहत थांबतो. काटा उतरू लागला की सांध्यांवर साबणाचे पाणी सोडतो. बुडबुडे मॅग्नेटोच्या बाजूला आले तर तिकडचा सील. बाहेर कोठेच न येता गिअर ऑइल भरण्याच्या तोंडातून आले तर चेनच्या बाजूचा. या दुसऱ्या प्रकारात इंजिन गिअर ऑइल पिऊन दाट पांढरा धूर सोडते. भरताना सुमारे ७०० मिली घातलेले ९० नंबरचे ऑइल आम्ही काढतानाही मापात ओततो, आणि कमी भरले की कागदावर तशी नोंद होते.

महिन्यातून एका रविवारी हे सारे लॅम्ब्रेटाधारक वर्कशॉपवर जमतात. पॉइंट साफ करणे, क्लच केबल जुळवणे, प्लगचा रंग वाचणे ही कामे आम्ही त्यांना शिकवतो. ग्राहकालाच कारागीर केले तर दुकान कसे चालणार, असे व्यवसायातील इतरांनी बोलून दाखवले होते. किरकोळ कामे खरोखरच घटली. परंतु क्रँक उघडून कनेक्टिंग रॉड बदलणे, झिजलेल्या आट्यांत हेलिकॉइल (तारेच्या नव्या आट्या) बसवणे, गिअरबॉक्समधील पहिल्या गिअरचा खेळ शिम (पातळ चकती) घालून ०.०७ ते ०.३० मिलिमीटरच्या आत आणणे, अशी वेळ घेणारी आणि योग्य मोबदला देणारी कामे वाढली, तीही अशा माणसांकडून ज्यांना बिलातील प्रत्येक ओळ कळते. ऑइल सील आणि क्लचच्या कॉर्क प्लेट आता सर्वांच्या वर्गणीतून एकत्र मागवल्या जातात, त्यामुळे आमचे भांडवल पडून राहत नाही.

२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून या रविवारच्या चर्चेला नवा विषय मिळाला आहे. इथेनॉल जुने रबर फुगवते, हवेतील ओल ओढून घेते आणि मिश्रण विरळ करते. त्यामुळे पेट्रोलची नळी व कॉकचे पॅकिंग बदलणे, कार्ब्युरेटरमधील मेन जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) एखाद्या मापाने मोठा घेणे, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवणे, एवढे आम्ही प्रत्येकाला करायला लावतो. आमच्याकडील उन्हाचा विचार करून इग्निशनचे टायमिंगही, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या किती आधी ठिणगी पडावी ते, जुन्या पुस्तकातील २३ अंशांऐवजी २१ अंशांवर ठेवतो. चढावर थोडी ताकद कमी वाटते. पिस्टन मात्र टिकतो.

एक काम आम्ही स्वीकारत नाही. परदेशात मागणी वाढल्यापासून पत्र्यावर पुट्टीचे जाड थर आणि वर झगझगीत रंग चढवलेल्या, परंतु आतून खिळखिळ्या गाड्या विक्रीसाठी "फक्त चालू करून" मागणारे येतात. त्यांना आम्ही आधी तपासणी कागद देतो, आणि बहुतेक जण तेथूनच परततात. याउलट, ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची सोय केली तेव्हापासून मूळ कागदपत्रे जपलेले मालक सल्ल्यासाठी येतात. त्या नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, म्हणून बाजारहाटासाठी लॅम्ब्रेटा काढणाऱ्यांना आम्ही नेहमीचीच नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहण्यास सांगतो, आणि नूतनीकरणाच्या तपासणीआधी ब्रेक, हॉर्न व दिवे पाहून देण्याचे वेगळे पैसे घेत नाही.